जुनी हिब्रू पुस्तकं जमवणारं कुणी आहे का इथे? (ज्यूंचा हसिदी पंथ, कब्बाला ही त्यांची गूढविद्या, वगैरे)

लालबासन

शीर्षक वाचून 'हा कुठे भरकटला' म्हणणाऱ्यांसाठी आधी खुलासा.

मी मूळचा वाईचा. घरात आजोबांच्या पोथ्या होत्या, लाल बासनात बांधलेल्या. खंडेनवमीला त्या बाहेर निघायच्या, ऊन खायच्या आणि परत फडताळात जायच्या. एका पोथीच्या शेवटी लेखनिकाने नेहमीचा श्लोक लिहिला होता: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तक स्वतःच सांगतंय. 'मूर्ख' शब्द आला की आजोबा चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे.

गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे. एकदा ब्रुकलिनमध्ये पाऊस लागला म्हणून तळघरातल्या एका पुस्तकांच्या दुकानात शिरलो. म्हाताऱ्या दुकानदाराने वेळ जावा म्हणून एक पुस्तक उघडून दाखवलं. आतल्या कोऱ्या पानावर फिकट शाईत मालकाने लिहिलं होतं, 'पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं', आणि त्याखाली स्वतःचं नाव. चोविसाव्या स्तोत्रातली ही ओळ. पुस्तकावर नाव घालायच्या आधी ती लिहायची जुनी रीत आहे. म्हणजे आधी कबूल करायचं की हे माझं नाही, आणि मग ठणकावून सांगायचं की माझंच आहे! ते पुस्तक साठ डॉलरला घेतलं. अक्षरओळखही नव्हती तेव्हा. आता बोट ठेवून वाचता येतं. चार वर्षांत एकोणीस पुस्तकं झाली. बायको त्यांना 'तुझी उलटी पुस्तकं' म्हणते, कारण ती उजवीकडून उघडतात.

आता विषयाकडे. अठराव्या शतकात पोडोलिया-व्होल्हिनिया भागात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, हसिदी हा भक्तिमार्ग उभा राहिला. त्याचे मूळ पुरुष बाल शेम तोव १७६० साली गेले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. आपल्याकडे चक्रधर बोलले आणि म्हाइंभटांनी वेचून वेचून जमवलं, तसा काहीसा प्रकार. त्यात गंमत अशी की गुरूचं प्रवचन व्हायचं शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, जेवणावेळी, आणि शब्बाथला लिहायला बंदी. शिष्यांनी ऐकायचं, मनात धरून ठेवायचं, आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तारे दिसले की आठवून कागदावर उतरवायचं. बोलणं यिडिशमध्ये, म्हणजे तिकडच्या ज्यूंच्या रोजच्या भाषेत, लिहिणं हिब्रूत. या पुस्तकांत वाक्यं मध्येच तुटतात, 'समजणाऱ्याला समजेल' म्हणून विषय सोडून दिला जातो, त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

छापून आलेलं पहिलं हसिदी पुस्तक 'तोल्दोत याकोव योसेफ'. गाव कोरेत्स, साल १७८०. पुढच्याच वर्षी त्याच गावात मेझेरिचच्या मग्गिदांची (बाल शेम तोव यांच्या शिष्याची) प्रवचनं छापली, आणि १७८२ मध्ये 'एत्स खाइम'. हे शेवटचं हसिदी नाही, कब्बालाचं. गॅलिलीतल्या सफेद या गावात १५७२ साली वारलेल्या इसहाक लुरियांची शिकवण त्यांच्या शिष्याने, खाइम व्हिताल यांनी, लिहून ठेवली होती. ती या रूपात छापखान्यात पोचायला दोनशे दहा वर्षं लागली. तोवर हस्तलिखितंच फिरत होती, तीही लपतछपत. मग लेम्बर्गचं (आजचं ल्विव्ह) 'नोआम एलिमेलेख' १७८८, स्लाविताचं 'तान्या' १७९६, तिथलंच 'केदुशात लेवी' १७९८, ओस्त्रोगचं 'लिकुते मोहरान' १८०८. या पहिल्या आवृत्त्या माझ्या पगारात बसत नाहीत. मी नंतरच्या काळात झितोमीर, लेम्बर्ग, वॉर्सा इथे छापलेली पुस्तकं घेतो. फाटकी, डाग पडलेली, कडेला कुणीतरी खरडलेली. खरडलेली असतील तर जास्तच खूश.

नवख्याने आधी काय शिकावं विचाराल तर शीर्षकपान वाचायला. साल अंकांत नसतं, अक्षरांत असतं. प्रत्येक हिब्रू अक्षराला किंमत आहे. ताव ४००, कूफ १००, मेम ४०, झाले ५४०. ज्यू वर्ष असतं ५५४०, पण वरचे पाच हजार गृहीत धरून सोडून देतात. त्यात १२४० मिळवले की १७८०. पण छापखानेवाले एवढं सरळ क्वचित लिहितात. बायबलमधलं एखादं वचन घेतात आणि त्यातली मोजकी अक्षरं मोठ्या खिळ्यांत (छपाईच्या ठशांत) जुळवतात. तेवढीच मोजायची. खिळा झिजलेला असेल, तर तो मोठा होता की लहान यावर एक संध्याकाळ जाते.

गावाचं नाव तर त्याहून लबाड. पानावर ठळक 'अ‍ॅम्स्टरडॅम' दिसतं. जवळ जाऊन बघावं तर वर बारीक अक्षरांत 'च्या खिळ्यांसारख्या खिळ्यांत छापलेलं', आणि खरं गाव कोपऱ्यात. आपल्या उल्हासनगरचं 'मेड इन यूएसए' आठवतंय ना? तेच. शिवाय ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिसियात या प्रकारच्या पुस्तकांवर सेन्सॉरचा डोळा असायचा. तिथले छापखाने गाव-साल गाळायचे, नाहीतर जुनं साल टाकून मोकळे व्हायचे. म्हणून शीर्षकपानावर जे छापलंय ते पुरावा म्हणून घ्यायचं नाही, जबानी म्हणून घ्यायचं.

इथे कुणाला हा नाद आहे का? हिब्रूच पाहिजे असं नाही. जुनी पोथी, शिळाछाप, काहीही.

भाऊ_नागपूर

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. ही सगळी पुस्तकं स्कॅन होऊन फुकट मिळतात ना? मग पैसे कशाचे?

लालबासन

मिळतात. हिब्रूबुक्सच्या संकेतस्थळावर हजारोंनी आहेत, आणि वाचायला मी तीच वापरतो. घरातली पुस्तकं वाचायला नाहीत, बघायला आहेत. माझ्याकडच्या 'नोआम एलिमेलेख'च्या प्रतीवर मेणाचे नऊ थेंब आहेत, आणि ते सगळे एकाच पानावर. स्कॅन कुठल्याही प्रतीचं असो, माझा तो माणूस त्यात नाही. रात्री मेणबत्ती धरून तो त्याच पानाशी का थांबत होता, हे शोधायचा माझा प्रयत्न चालू आहे. पान वाचून झालंय. उत्तर सापडलेलं नाही.

मोडीवाचक

लालबासनराव, मस्त धागा. दोन गोष्टी.

एक, साल काढायची तुमची रीत बघून हसलो. आम्ही शकात ७८ मिळवतो, पण कागद पौष-माघ-फाल्गुनातला असेल आणि जानेवारी उलटला असेल तर ७९. नवशिका इथे हमखास चुकतो. तुमच्याकडेही असाच खड्डा असणार.

दोन, या पुस्तकांचे फोटो बघितले तर मधे चौकोनी ठसठशीत अक्षर आणि भोवती वेगळंच गोलसर. ती दुसरी लिपी आहे का?

लालबासन

खड्डा आहे, आणि मी त्यात पडलोय! त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. 'तान्या'वर ५५७ आहे, १२४० मिळवले तर १७९७ येतं. पण ते छापून झालं किस्लेव महिन्यात, म्हणजे डिसेंबर १७९६. मी एका ठिकाणी छाती फुगवून १७९७ लिहिलं होतं. एका चौदा वर्षांच्या मुलाने सुधारलं.

ती गोलसर लिपी म्हणजे राशी लिपी. तुमच्या भाषेत सांगायचं तर चौकोनी ही बाळबोध आणि राशी ही मोडीची सौम्य बहीण. मूळ वचन चौकोनीत, भाष्य राशीत. गंमत म्हणजे अकराव्या शतकातले भाष्यकार राशी यांनी ही लिपी कधी वापरलीच नाही. १४७५ साली इटलीत रेज्जो दि कालाब्रियाला त्यांचं भाष्य छापताना मुद्रकाने सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या) वळणाचे खिळे पाडले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

वाळवी

आयडीवरून घाबरू नका, मीही पुस्तकं जमवतो. मराठी दोलामुद्रितं आणि जुनी मासिकं.

भावाबद्दल बोला की राव. स्लाविता-स्लाविता फार ऐकतो. तिथलं पुस्तक म्हटलं की लोक दुप्पट पैसे का मोजतात?

लालबासन

त्याला कारण आहे, आणि ते नुसतं छपाईचं नाही. कोरेत्सचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) पिन्हास यांच्या मुलाने १७९० च्या दशकात स्लाविताचा छापखाना घातला. शापिरा कुटुंब. कागद चांगला, खिळे टपोरे, काही शीर्षकपानांवर लाल शाई. तिथले खिळे वापरायच्या आधी शुद्धीच्या कुंडात बुडवायचे, असंही सांगतात. खरं असो नसो, गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं.

मग १८३५ मध्ये छापखान्यातला एक बांधणी कामगार गळफास लागलेला सापडला. मालकांनीच मारला, असा आरोप झाला. पिन्हासचे नातू, म्हणजे दोन शापिरा भाऊ, पकडले गेले. सैनिकांच्या दोन रांगांमधून फटके खात चालायची शिक्षा झाली. दंतकथा अशी, की चालताना एकाची टोपी पडली, तर उघड्या डोक्याने पुढे जायचं नाही म्हणून तो मागे वळला आणि जास्तीचे फटके खाऊन टोपी घालून आला.

१८३६ मध्ये रशियन सरकारने साम्राज्यातले हिब्रू छापखाने जवळपास सगळे बंद केले. व्हिल्ना चालू राहिलं. १८४७ मध्ये झितोमीरला परवाना मिळाला, तो याच शापिरा घराण्याला. त्यामुळे भाविकाच्या लेखी स्लाविताचं पुस्तक म्हणजे त्या दोन भावांच्या पाठीवरचे वळ. त्याची किंमत कागदावरून ठरत नाही.

वाळवी

हे माहीत नव्हतं. गप्प बसतो.

काळी_शाई

मी पुण्यात जुनी पुस्तकं-कागदपत्रं दुरुस्त करते. हिब्रूतलं ओ की ठो कळत नाही, पण कागद कळतो, म्हणून थोडं.

लालबासन, तुमच्या वॉर्साच्या पुस्तकांना आधी हात लावू नका, बघा. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि सत्यानाश झाला. १८८०-९० मधलं पान दुमडलंत तर पापडासारखं मोडतं. त्याच्या तीनशे वर्षं आधीचं इटलीतलं पान चिंध्यांच्या लगद्याचं असतं, ते अजून कडक वाजतं. 'जुनं म्हणजे नाजूक' हा समज डोक्यातून काढा.

घेताना बघायच्या गोष्टी: पानांच्या कडा. बाइंडर दर वेळी नव्याने बांधताना थोडं थोडं कातरतो. तीनदा बांधलेल्या पुस्तकाचा समास गेलेला असतो आणि त्याबरोबर कडेच्या टिपांची शेवटची अक्षरंही. दुसरं, पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो. तो जुळतोय का बघत जा. जुळला नाही तर मधलं पान गेलंय किंवा दुसऱ्या प्रतीचं आणून चिकटवलंय. तिसरं, शीर्षकपान बाकी पुस्तकापेक्षा गोरं दिसलं तर दुकानदाराला नीट विचारा.

आणि डांबरगोळ्या नको. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, हवा खेळती ठेवा, महिन्यातून एकदा पानं चाळा. पुस्तकाला माणसाचा हात लागला की कसर कमी लागते.

लालबासन

ताई, सोन्यासारखा प्रतिसाद. कागदाचं अगदी खरं. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला मांतुआचा जोहार (कब्बालाचा मुख्य ग्रंथ) बघायला मिळाला होता, १५५८ ते १५६० मधला. तीन खंड. पानं खरंच वाजतात. त्याच सुमाराला क्रेमोनात दुसऱ्या मुद्रकांनी मोठ्या आकाराचा एकखंडी जोहार काढला. दोन्ही गावांत चढाओढच लागली होती. आज जोहारचा पृष्ठांक म्हणून जो देतात तो मांतुआचा. क्रेमोनावाले आकारात जिंकले आणि पृष्ठांकात हरले.

इटलीतल्या पुस्तकांची अजून एक मजा. १५५३ साली रोममध्ये तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ जाळला गेला, त्यानंतर प्रत्येक हिब्रू पुस्तक सेन्सॉरकडे. नको त्या ओळी तो शाईने काळ्या करायचा आणि शेवटच्या पानावर सही ठोकायचा. दोमेनिको इरोसोलिमितानो हे त्यातलं ठळक नाव, मूळचा ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेला. त्याची सही असलेली पुस्तकं आता लोक मुद्दाम शोधतात!

काळी_शाई

ती शाई लोहाची असणार. काळी शाई वर्षानुवर्षांत तपकिरी होते, विरते. खालचे छापील खिळे काजळीच्या तेलकट शाईचे, ते जसेच्या तसे राहतात.

लालबासन

तेच! खोडलेलं आता आरामात वाचता येतं.

शनवारतेली

आयडी बघून कळलंच असेल, आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आमच्या पूर्वजांना अलिबाग-पेणकडे याच नावाने हाक मारायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. आता इस्रायलमध्ये लोदला असते. घरात मराठी, बाहेर हिब्रू, भांडण मात्र फक्त मराठीत.

लालबासनदादा, युक्रेनची वारी छान झाली, पण तुम्ही वाईचे असून पुणं कसं विसरलात? १८८७ साली पुण्यात कब्बालाचं पुस्तक छापलंय. अब्राहाम डेव्हिड इझिकेल नावाचे बगदादी ज्यू पुण्यात राहायचे, थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद. त्यांनी जोहारमधला 'इद्रा झुता' हा भाग हिब्रू लिपीतल्या अरबीत भाषांतर करून छापला. बगदादच्या रब्बींनी यावर मोठा गहजब केला. गुह्य ते गुह्यच राहावं, बाजारात मांडू नये, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या महानुभावांनीही सकळ लिपीत पोथ्या लिहून ठेवल्या होत्याच की.

आणि आमच्या घरचं म्हणाल तर पुण्याचंच १८७४ चं हगादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायचं. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, शिळाछाप. चित्रात बायका उकिडव्या बसून भाकरी केल्यासारखी मत्सा (बिनखमिराची रोटी) करतायत. मावशीकडे दिमोनाला आहे. त्यावरचे डाग वाइनचे नाहीत, आमच्यात मनुकांचं सरबत असतं.

मोडीवाचक

अरे वा! लाल देवळाच्या (पुण्याच्या सिनेगॉगच्या) गावात इद्रा झुता! पुण्याचा अभिमान पुन्हा एकदा वाढला, तसा तो कमी कधी नव्हताच.

भाऊ_नागपूर

मुंबईचे ससून याच बगदादी मंडळींपैकी ना?

शनवारतेली

हो. त्यांच्यातले डेव्हिड सॉलोमन ससून १८८० साली मुंबईत जन्मले. हिब्रू हस्तलिखितांचा एवढा मोठा खासगी संग्रह फार थोड्यांकडे होता. १९३२ मध्ये त्याची सूचीच दोन खंडांत निघाली, 'ओहेल दाविद'. त्यांनी १९२९ ला घेतलेलं एक बायबल २०२३ च्या मे महिन्यात तीन कोटी ऐंशी लाख डॉलरच्या वर गेलं लिलावात. आता तेल अवीवच्या संग्रहालयात आहे.

वाळवी

आमच्या आळीत एकाकडे ज्यू शेजाऱ्यांनी इस्रायलला जाताना दिलेली पेटी आहे, पुस्तकांनी भरलेली. बाहेर विकता येतील का?

मोडीवाचक

जपून. १९७२ चा पुरावशेष कायदा बघा. हस्तलिखिताला ७५ वर्षं आणि बाकी वस्तूला १०० झाली की तो कायदा लागू होऊ शकतो, मग सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि 'दिलेली' की 'ठेवायला दिलेली', हेही एकदा घरात विचारून घ्या.

लालबासन

वाळवीभाऊंच्या पेटीवरून माझा खरा प्रश्न काढतो. धागा काढायचं अर्धं कारण तेच आहे, पण बोलायला धीर होत नव्हता.

एका विक्रेत्याकडे (नाव घेत नाही) वॉर्सात छापलेलं एक हसिदी भाष्य आहे, तोराच्या दर आठवड्याला वाचायच्या पाठांवरचं. किंमत माझ्या आवाक्यात. कडेला दोन वेगवेगळ्या हातांच्या टिपा, म्हणजे माझ्यासाठी मेजवानी. बघायला गेलो. शीर्षकपानाच्या पुढच्या पानावर, जिथे रब्बींची शिफारसपत्रं असतात, तिथे कोपरा खरवडलेला. विक्रेता म्हणाला पाण्याचा डाग. मोबाइलचा दिवा आडवा धरला तर गोल शिक्क्याची कड दिसली. आत 'येशिवा'ची (म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेची) पहिली तीन अक्षरं आणि खाली लामेद, वाव, बेत. लुब्लिन.

लुब्लिनची येशिवा १९३० मध्ये सुरू झाली. जर्मन आले, ग्रंथालय लुटलं गेलं. त्या शिक्क्याची पुस्तकं जगभर अजून निघतात.

मी चौदा फोटो काढले आणि विचार करून सांगतो म्हणून आलो. घ्यावं का?

वाळवी

घ्या! तुम्ही नाही घेतलं तर असा कुणी घेईल ज्याला शिक्का दिसणारही नाही. तुमच्या फडताळात निदान कळत्या माणसाकडे राहील. ती येशिवा आता नाही. परत द्यायचं तरी कुणाला?

शनवारतेली

वाळवीभाऊ, रागावू नका, पण 'मालक मेला म्हणून माझं' हे गणित मला जमत नाही. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने फ्रँकफुर्टजवळ ऑफेनबाखला गोदाम उघडलं होतं, तिथे लुटीतली तीस लाखांवर पुस्तकं-कागदपत्रं आली. ज्यांचा वारस सापडेना अशी सुमारे पाच लाख पुस्तकं एका ज्यू संस्थेमार्फत जेरुसलेम, अमेरिका अशा ठिकाणच्या ग्रंथालयांना दिली गेली. त्या कामात विचारवंत हाना आरेंट होत्या, कब्बालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम होते. पुस्तकांवर तशी चिठ्ठी चिकटवलेली असते. म्हणजे 'परत कुणाला' याला तेव्हाही उत्तर होतं. चिठ्ठी असेल तर गोष्ट वेगळी. खरवडलेला शिक्का म्हणजे कुणालातरी लाज वाटली होती.

मोडीवाचक

मालकीवरून एक आठवलं. ब्रुकलिनच्या लुबाविच हसिदींच्या ग्रंथालयातली पुस्तकं सहाव्या रब्बेंच्या (पंथगुरूंच्या) नातवाने नेली, काही विकली. घरची म्हणून. खटला झाला. जानेवारी १९८७ मध्ये न्यायाधीशाने सांगितलं, संग्रह घराण्याचा नाही, समाजाचा. तो दिवस ते अजून साजरा करतात आणि त्या दिवशी पुस्तकं विकत घेतात.

वाळवी

आणि त्याच संप्रदायाची बारा हजार पुस्तकं रशियाने सरकारजमा केली, त्याचं काय झालं? अमेरिकन कोर्टाने २०१३ मध्ये रोज पन्नास हजार डॉलर दंड लावला. रशियाने ढुंकून बघितलं नाही, आणि या वादावरून अमेरिकेला चित्रं उसनी देणं त्याने आधीच थांबवलं होतं ते वेगळंच. कोर्टाचं जिथे चालत नाही तिथे आपल्या लालबासनांचं काय चालणार?

काळी_शाई

शिक्का खरवडताना कागद पातळ झालाय का? तिथे भोक पडायच्या बेतात असेल तर पुस्तक उघडझाप करू देऊ नका त्यांना. बाकी तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त कागदाचं बोलते.

लालबासन

चार दिवस घालवले. शोलेमांचंच आठवत राहिलं. १९३७ साली त्यांनी आपल्याकडे नसलेल्या कब्बाला पुस्तकांची यादी छापून विक्रेत्यांना दिली होती. काय पाहिजे ते उघड सांगायचं. (धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. आपली बायको भाजीवालीसमोर कोथिंबिरीकडे बघतसुद्धा नाही.) म्हटलं आपणही उघड बोलावं. आज विक्रेत्याला फोन केला. शिक्का कसला आहे ते सांगितलं, आणि ही प्रत एखाद्या ग्रंथालयाकडे जावी, मी मधे पडतो, तुमचा खर्च निघेल एवढं बघू, असंही म्हटलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. 'बघतो' म्हणाला.

शनवारतेली

शाब्बास दादा. कळवत राहा.

भाऊ_नागपूर

काय झालं पुढे? तीन आठवडे झाले.

लालबासन

लिहिणारच होतो, पण हात होत नव्हता.

पुस्तक पुन्हा विक्रीला लागलंय, दुसऱ्या साइटवर, दुसऱ्या नावाने. टिपा त्याच दोन हातांच्या, मी ओळखतो त्या. वर्णनात आधी नव्हती अशी एक ओळ आहे: 'एक पान नाही'. शिफारसपत्रांचं पान. किंमत थोडी कमी केलीय.

मी फोन केला नसता तर ते पान पुस्तकात असतं.

वाळवी

मी आता 'सांगितलं होतं' म्हणणार नाही. वाईट झालं.

शनवारतेली

दादा, ते चौदा फोटो तारखेसकट दोन ठिकाणी ठेवा, नव्या जाहिरातीचंही सगळं उतरवून घ्या. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात माझी एक ओळखीची बाई आहे, तिला विचारते कुठे पाठवायचं. खरवडलेल्या शिक्क्याचं एकमेव चित्र आता तुमच्या फोनमध्ये आहे.

काळी_शाई

पान मुळापासून काढता येत नाही, शिलाईत अडकलेलं असतं. कापलं असेल तर आत खुंट राहतो, आणि त्याच घडीतलं जोडपान लवकरच सैल होतं. नव्या फोटोंत पुस्तक मधून उघडलेलं कुठे आहे का? सांध्यात बघा.

लालबासन

बघितलं. सातव्या फोटोत आहे खुंट. बोटभर रुंद. त्यावर एका ओळीची सुरुवातीची अक्षरं राहिलीत, दोन की तीन ते मोठं करून बघतोय.